लेबलकाकांची गोगलगाय

लेबलकाकांनी तो शंख खिशात घातला आणि तिथेच सगळं बिनसलं.

संग्रहालयाच्या शंख-शिंपले विभागात काका एकतीस वर्षं लेबलं लिहीत होते. शोध दुसऱ्यांचे, नावं दुसऱ्यांची, अक्षर तेवढं काकांचं. (अक्षर मात्र सुरेख. एवढं तरी म्हणू द्या.) रिटायर व्हायला पंधरा दिवस उरले असताना समुद्रावर त्यांना वाटाण्याएवढा शंख सापडला. गुलाबी, त्यावर केशरी पट्टे, आत इवलीशी निळी गोगलगाय. असं काही आपण कधीच पाहिलं नाही, याबद्दल काकांना शंका नव्हती. नव्या जातीला पुष्कळदा शोधणाऱ्याचं नाव देतात, हेही त्यांना ठाऊक होतं.

घरी येऊन त्यांनी आधी लेबल लिहिलं. शोधणाऱ्याच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव. मग शंख लेबलासकट काडेपेटीत घालून कपाटात, बायकोच्या स्वेटरांखाली लपवला. तिला एकदम निरोपसमारंभात तोंडात बोटं घालायला लावायची होती.

गोगलगायीने आधी प्राण सोडला, मग वास. बायकोने मेलेला उंदीर शोधला, काकांचे सगळे मोजे धुतले, शेवटी काडेपेटी सापडली. शंख सुंदर दिसला म्हणून तिने तो फेकला नाही, फरशीचे डाग काढायच्या ॲसिडमध्ये भिजत घातला.

संध्याकाळी वाटीत नुसता फेस होता.

“अहो, स्वच्छ करून तुम्हालाच देणार होते.”

“आयुष्यात एक गोष्ट माझी होती,” काका म्हणाले, “तीही तू धुऊन टाकलीस.”

त्यानंतर आठ दिवस काका बोलले नाहीत. ती दोनदा माफी मागून गेली, एकदा रडलीही. काकांनी पेपर आणखी वर धरला. ती रोज संध्याकाळी कुठेतरी जायची, तेही त्यांनी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी संग्रहालयात चार्ज देताना त्यांनी तळाचा खण उघडला. त्यात गुलाबी, केशरी पट्ट्यांचे साठेक शंख होते. लेबल त्यांच्याच अक्षरात, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं: ‘अतिसामान्य जात. जादा नमुने फेकून द्यावेत.’

काका मान खाली घालून घरी आले. बायकोने टेबलावर रुमाल सोडला. पंचवीस-तीस शंख घरंगळले.

“रोज समुद्रावर गुडघे धरून शोधत होते,” ती म्हणाली. “आता बोला माझ्याशी. आणि यांच्यावर तुमचं नाव लिहा.”

खरं सांगायची काकांची छाती झाली नाही. त्यांनी निमूट पेन उघडलं आणि पहिलं लेबल लिहायला घेतलं.

(अक्षर मात्र सुरेख आलं.)