नसलेल्या वांगाचा दाखला

शिंदखेड्याच्या दिपमालाला धुळ्यात त्वचा-निगा केंद्र उघडायचं होतं आणि त्यासाठी एक परवाना हवा होता. मागणी अगदी साधी. बाईने रीतसर पदविका घेतलेली, गाळा ठरलेला, खुर्च्या आलेल्या आणि लग्नसराई दीड महिन्यावर. हा हंगाम हुकला तर गाळा सोडून गावी परतायचं, हेही तिने मनाशी ठरवलं होतं.

तशी ती काही कालची पोर नव्हे. शाळेच्या गॅदरिंगपासून गणपती मंडळांपर्यंत नाचून तिने तालुक्यातली सगळी स्टेजं झिजवली होती. मग जळगावच्या सौंदर्यस्पर्धेत उतरली. शेवटी दोघी उरल्या. परीक्षकांनी विचारलं, खरं सौंदर्य कशात असतं? दोघींनीही 'मनात' असंच उत्तर दिलं, पण दुसरीचं मन जरा जास्त गोरं निघालं. दिपमालाला दुसरा नंबर मिळाला आणि सोबत गोरं करणाऱ्या क्रीमची एक पिशवी. ती पिशवी तिथेच टेबलावर ठेवून ती निघाली. आपलं दुकान निघालं तर बोर्डावर काय लिहायचं, हे तिने परतीच्या एसटीतच पक्कं केलं: 'येथे रंग बदलून मिळणार नाही. त्वचा सांभाळून मिळेल.'

मधेच तिला एक अहिराणी सिनेमा मिळाला. नायिकेच्या गालावर वांग असतं म्हणून सतरा स्थळं तिला नाकारतात, अशी कथा. मेकअपवाला रोज सकाळी तिच्या डाव्या गालावर तपकिरी डाग काढायचा आणि संध्याकाळी खोबरेल तेलाने पुसून टाकायचा. सिनेमा मोबाईलवरून गावोगाव फिरला. बाया ढसाढसा रडल्या, आणि इतकं रडल्यावर तो डाग खोटा असेल असं मानायला कोण तयार होणार?

परवाना कक्षात तिच्या अर्जामागोमाग एका जागरूक नागरिकाची तक्रार पोचली. जिच्या स्वतःच्या गालावर वांग आहे, ती दुसऱ्यांची त्वचा काय सांभाळणार? पुरावा म्हणून सिनेमाची क्लिप जोडली होती.

कक्षाचे प्रमुख शालिग्रामनाना तसे भले गृहस्थ. अन्याय करायचे, पण नियमात बसवून करायचे. त्यांनी दिपमालाला ट्यूबलाइटखाली उभं केलं, चष्मा पुसून तिचा गाल पाहिला आणि म्हणाले, "डाग दिसत नाही खरा. पण मला दिसत नाही, हा काही पुरावा होत नाही. दवाखान्याचा दाखला आणा."

दवाखान्यातले डॉक्टर गाल पाहून हसले. मग मात्र गंभीर झाले, कारण दाखला लिहायची वेळ आली. रोग असल्याचा दाखला ते देत होते, बरा झाल्याचाही देत होते. मुळात नसल्याच्या दाखल्याचा नमुनाच वरून आलेला नव्हता.

घरी आई भागाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "पोरी, जे नहीच शे, ते नही म्हनीसन कसं दखाडशी?"

वाट नानांनीच दाखवली. आधी रोग नोंदवायचा, पंधरा दिवस उपचार घ्यायचे, की बरं झाल्याचा दाखला आपोआप मिळतो. दिपमाला आठ दिवस नाही म्हणाली. पण लग्नतिथींची छापील यादी प्रत्येक दुकानात लटकायला लागली होती. शेवटी तिने निरोगी गालावर वांग नोंदवून घेतलं. आजाराचा फोटो मागितला, तर सिनेमातलाच दिला. पंधरा दिवस मलम लावलं. दाखला आला: 'रुग्ण पूर्ण बरी. उपचारकाळात रुग्णाने आपल्या त्वचेची निगा स्वतःच घेतली.' त्यावर परवानाही आला आणि गाळ्यावर तिचा तो ठरलेला बोर्ड चढला.

त्या दाखल्याने मात्र कहर केला. दिपमालाने आपलं वांग आपणच घालवलं, सरकारी कागद आहे, अशी बातमी धरणगाव-जामनेरपर्यंत गेली आणि गाळ्यापुढे रांग लागली. ती एकेकीला हात जोडून सांगायची, की ताई, तो रंग होता, खोबरेल तेलाने जायचा. बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. एवढं नामी औषध कुणी असं सहज सांगतं होय? घरी जाऊन त्या खोबरेल तेल चोळायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरं औषध मागायला हजर व्हायच्या.

अशात परवाना कक्षाची नोटीस आली. दाखल्यात डाग गेल्याची नोंद असताना फलकावर 'रंग बदलून मिळणार नाही' असे लिहिले आहे; सदर मजकूर शासकीय दाखल्याशी विसंगत आहे, सबब सात दिवसांत फलक बदलावा. दिपमालाने बोर्डाला हात लावला नाही.

सहाव्या दिवशी शालिग्रामनाना स्वतः आले. सोबत मुलगी ऋतिका. पोरगी एमएस्सी झालेली, काळीसावळी, तुकतुकीत, मान खाली घातलेली. वीस दिवसांनी जामनेरचे पाहुणे बघायला येणार होते. तुम्हाला जे औषध लागू पडलं तेच हिला द्या, बोर्डाचं मी बघून घेतो, असं नाना हळूच म्हणाले.

"नाना, मला काही झालंच नव्हतं. तुम्हाला तर ठाऊक आहे."

"तसं म्हणू नका. त्या फाईलवर माझी सही आहे."

दिपमालाने ऋतिकाचा चेहरा उजेडात धरून नीट पाहिला. "हिलाही काही झालेलं नाही. निरोगी चेहरा आहे."

ऋतिकाने पहिल्यांदाच मान वर केली. नानांनी विचार केला. "मग तसं लिहून द्या. पाहुण्यांना दाखवता येईल."

"नसल्याचा दाखला आम्ही देत नाही, नाना. आधी रोग नोंदवावा लागतो."

माणूस ओशाळेल म्हणून ती बोलली होती. नानांना मात्र ते अगदी रीतीला धरून वाटलं. त्यांनी टेबलावरचा फॉर्म ओढला, खिशातलं पेन काढलं आणि 'आजार' या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'सावळा रंग, जन्मापासून.' खाली पालकाची सही केली.

ऋतिकाने ते वाचलं. "पप्पा, बायोडाट्यात तुम्ही 'निमगोरी' लिहिलंय. दोन्हीकडे एकच लिहा ना."

दिपमालाने फॉर्म नानांच्या हातात परत ठेवला. औषध नाही आणि बोर्डही तसाच राहील, असं तिने सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी, भर लग्नसराईत, गाळ्याला सील लागलं. फाईलवर शेरा होता: 'वांग उलटण्याची शक्यता.' रांग शेजारच्या पार्लरकडे वळली, तिथे सात दिवसांत गोरं करून देतात. दिपमालाने बोर्ड कापडात गुंडाळून शिंदखेड्याला नेला.

नानांवर हसू येतंय ना? येऊ द्या. हसून झालं की उठा, कपाटातून आपल्या घरच्या पोरीचा बायोडाटा काढा आणि 'वर्ण' या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. अक्षर ओळखीचं निघेल.