अशक्तपणाची साथ

सोजराआत्यांच्या ओट्यावर संध्याकाळी बसायला जागा पुरेना, तेव्हा त्यांनी आतून जुनी सतरंजी काढली आणि अंगणात अंथरली. ती झटकताना त्यांना मनातून फार बरं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती. कारण येणारे सगळे आजारी होते.

त्यांचे यजमान वैद्यआबा गेल्यापासून मांडवगणातल्या त्या घराची कडी गावातल्या कुणी वाजवली नव्हती. आत्यांना मूलबाळ नव्हतं. दीर इनामगावला, तो सणाला यायचा, जेवायचा आणि निघून जायचा. आत्या दिवसभर स्वतःशीच बोलायच्या. संध्याकाळी तेही थांबायचं, कारण सांगण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

आबांनी त्यांना एकच औषध करायला शिकवलं होतं, द्राक्षासव. मनुका उकळून काढा करायचा, त्यात गूळ आणि धायटीची फुलं टाकायची, बरणीचं तोंड कापड-मातीनं लिंपून ती भुशात पुरून ठेवायची. आंबून झालं की गाळून बाटल्या भरायच्या. बाळंतिणीला नाहीतर दुखण्यातून उठलेल्याला जेवणानंतर दोन चमचे. एक बरणी वर्षभर सरत नसे.

मग सरकारनं दारूबंदी केली. पाराजवळचं दुकान बंद पडलं. दुकानदार दौंडला जाऊन स्टेशनासमोर चहा विकू लागला. आणि मांडवगणातली माणसं अशक्त होऊ लागली.

पहिला आला हौसराव. आदल्याच आठवड्यात त्यानं ओढ्यात रुतलेली उसाची गाडी एकट्यानं खांदा लावून बाहेर काढली होती.

"आत्या, अंगात त्राण म्हणून न्हाई," तो ओट्यावर बसत म्हणाला. "आबा असते तर त्यास्नीच दावलं असतं."

"भूक लागती का?"

"लागती. पाच-सा भाकरी जात्यात. पर चव न्हाई."

चव नाही म्हटल्यावर आत्यांचा जीव कळवळला. त्यांनी अख्खी बाटली दिली. दुसऱ्या दिवशी तो सर्जेरावाला घेऊन आला. सर्जेरावाची छाती धडधडायची, आणि तीही दिवस मावळल्यावरच. त्याच्यामागून इतर आले. कुणाचे गुडघे, कुणाची झोप, कुणाला नुसतंच कसंतरी व्हायचं.

आत्या प्रत्येकाला नीट विचारायच्या. पोट साफ होतं का, स्वप्नं पडतात का, घाम कुठं येतो. सगळं ऐकून घेतल्याशिवाय त्या बाटलीला हात लावायच्या नाहीत, त्यामुळे माणसंही दमानं सांगायची. आता खोटं दुखणं तरी माणूस किती वेळ सांगणार? मधेच भलतंच काही निघायचं. सर्जेरावानं एकदा छातीचं सांगता सांगता आपल्या आईच्या शेवटच्या दुखण्याचं सांगितलं आणि मग बराच वेळ खाली बघत बसला. त्या दिवशी बाटली न्यायची तो विसरला. आत्यांनीच त्याला मागं बोलावून ती दिली.

दौंडच्या बाजारातून मनुका आणून द्यायचे ते मीरासाहेब. पूर्वी ते धोतराच्या टोकात बांधून आणत. आता पोतं ओट्यावर टेकवताना त्यांना धाप लागली.

"आत्या, ह्या एवढ्या मनुकांचं करताय काय? गावात साथ आली का काय?" ते हसत म्हणाले.

आत्या हसल्या नाहीत. ही गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या शिरूरला सरकारी दवाखान्यात जाऊन बसल्या.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बायकांना होतं का हे?"

"न्हाई. सगळे बाप्येच."

"केव्हा जास्त जाणवतं?"

"दिवस मावळला की."

"आणि औषध काय देता?"

आत्यांनी सांगितलं. डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी स्वतः येतो."

तो रविवारी जीप घेऊन आला. गावात दवंडी पिटली गेली, शाळेपुढं टेबल मांडलं, बघायला सगळा गाव लोटला. आत्यांनी आपले पेशंट नावानिशी हाका मारून रांगेत उभे केले. त्यांना कुठं पळता येईना, कारण समोर त्यांच्या बायका उभ्या होत्या.

डॉक्टरनं हौसरावाची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळे ताणून पाहिले.

"अशक्तपणा फार आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "महिनाभर जड काम बंद."

हौसरावाचा चेहरा खुलला.

"मटण बंद, तिखट बंद, तंबाखू बंद. रोज सकाळी एरंडेल. आणि दिवस मावळला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. यांच्यावर लक्ष कोण ठेवील?"

"मी ठिवते," समोरून त्याची बायको साखरबाई म्हणाली.

सर्जेरावाचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, आज मला जरा हुशारी वाटतीया." त्याच्यामागची रांग बघता बघता पांगली. चेहऱ्यावर तरतरी घेऊनच सगळे घरी गेले.

डॉक्टर आत्यांकडे चहाला आला. बाटलीचं बूच काढून त्यानं वास घेतला.

"औषध उत्तम जमलंय," तो म्हणाला. "पण आत्या, हे आंबवलेलं असतं. दोन चमचे घेतलं तर औषध. बाटलीभर घेतलं तर पाराजवळच्या दुकानात अन् तुमच्या ओट्यात फरक काय राहिला?"

आत्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी कुणालाच काय झालं नव्हतं?"

"नाही."

"सर्जेरावाची छाती?"

"चांगली दणकट आहे."

आत्यांनी पदर सारखा केला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला लई काळजी लागली व्हती."

डॉक्टरनं यातलं कुठं काही कळवलं नाही. यापुढं औषध चमच्यानं, आपल्यासमोर द्या, एवढंच सांगून तो गेला. आत्यांनी तसंच केलं. दोघे-तिघे आले, दोन चमचे पाण्याबरोबर घेतले, तोंड वाकडं केलं आणि काही न सांगता उठले. पुढं तेही यायचे बंद झाले. आत्यांनी सतरंजीची गुंडाळी करून ती फळीवर ठेवली. आईचं सांगताना सर्जेराव खाली बघत बसला होता, तेही दारूसाठीच का, याचा विचार त्या कितीतरी दिवस करत राहिल्या.

एका संध्याकाळी साखरबाई आली आणि ओट्यावर टेकली.

"कसं हाय हौसरावाचं?" आत्यांनी विचारलं.

"दिवस मावळला की घरातच. पाण्याचा तांब्या बी उठून घेत न्हाईत. डाक्टरनं सांगितलंय म्हणत्यात."

आत्या आत जाऊन बाटली आणि चमचा घेऊन आल्या. "आन् तुला काय व्हतंय?"

"काय न्हाई."

"डोकं? कंबर?"

"काय बी न्हाई, आत्या. नुसती बसायला आले."

आत्या चमचा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून दुखणं घेतल्याशिवाय तिथं कुणी बसायला आलं नव्हतं. धडधाकट माणसाशी बोलायला सुरुवात कुठून करतात, ते त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी चमचा कोनाड्यात ठेवला आणि खाली बसल्या.

"मंग," त्या जरा चाचरत म्हणाल्या, "आज कालवण काय केलंस?"

साखरबाईनं भिंतीला पाठ टेकवली आणि ती सांगू लागली.