सोनावणे मिस्त्रींचे ठेसन

काही वर्षांपूर्वीचा चैत्र, मंगळवार : एका जुन्या जंक्शनवरील फलाटाचे लोखंडी छत भंगारात काढण्यात आले. जबाबदार : छतावर एकदाही न चढता 'जीर्ण व धोकादायक' असा शेरा मारणारे अभियंते.

मागील श्रावण, शुक्रवार : तेच छत वेल्ह्याच्या रस्त्यालगत शेतजमिनीत विनापरवाना उभारल्याची लेखी तक्रार दाखल झाली. जबाबदार : प्रस्तुत लेखक.

यंदाचा माघ, बुधवार : ते छत पाडण्याचा आदेश निघाला. जबाबदार : एक कार्यालय. त्याचे नाव पाकिटांवर घालून घालून माझा हात दुखला आहे, म्हणून येथे घालत नाही.

गणपत सोनावणे मिस्त्री हे आमच्या वस्तीवरचे माझे शेजारी. रेल्वेचा रूळ पाहायचा तर येथून एसटी दोनदा बदलावी लागते. तरीही शेतावर कोणी आले की मिस्त्री आधी पाणी विचारीत नाहीत. हात आडवा धरून म्हणतात, "मागं सरा. कडेला हुबं ऱ्हाऊ नका." आणि माणूस मागे सरतो. भोरचे एक नामांकित वकील सरले. गॅसची टाकी घेऊन आलेला इसम टाकीसकट सरला. दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत उभी हयात घालवलेला मी, मीही पहिल्या दिवशी दोन पावले मागे गेलो. समोर पाहतो तो रूळ नाहीत, खडी नाही. नुसता कोरडा चर. आपण कशासाठी सरलो याचा राग मला इतका आला की घरी येऊन मी वर नमूद केलेली तक्रार लिहिली.

मिस्त्री त्या जंक्शनवर छताचे फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले आणि सहा महिन्यांनी कापूरहोळला टेम्पोची वाट पाहत उभे असताना भंगाराच्या दुकानात त्यांना त्यांचे छत भेटले. 'भेटले' हा शब्द त्यांचा. "वळीखलं की म्या! कैचीला आडवी पट्टी म्याच मारली व्हती. म्हनलं, तू हितं काय करतीस?" बिडाचे बारा खांब, छत तोलणाऱ्या कैच्या, पन्हळी, सारे त्यांनी बबन टेम्पोवाल्याकडून खेपा करून आणविले. बबन मला अजून सांगतो, "तात्या, उतारावर गाडी बंद व्हती माझी, पन मागचं लोखंड आपसूक वाजायचं. टिक, टिक, टिक. म्या मागं वळून बघितलंच न्हाई."

खाली मातीचा फलाट, पुढे रुळांच्या जागी चर, वर छत, अशा उभारणीला दोन वर्षे लागली. मिस्त्री ओळंबा लावून खांब उभा करीत, मग छताखाली जाऊन तोंडाने "हो" असा आवाज काढीत, कान देऊन उभे राहत, आणि मान हलवून तोच खांब बोटभर सरकवीत. लोक म्हणत, म्हाताऱ्याचे डोके फिरले. मीही तक्रारीच्या चौथ्या परिच्छेदात तसे सूचित केले होते, हे कबूल करतो.

तक्रार दिल्यानंतर पुरावा पाहावा म्हणून मी एकदा दुपारी तेथे जाऊन बसलो. मिस्त्रींनी मला पट्ट्या जोडणारे रिव्हेट दाखवले. "ह्यो माझा. त्यो माझ्या आदल्या मिस्त्रीचा. ह्यो लई जुना, गोऱ्याच्या वक्ताचा. हातोडा लागला की मानसाची सही ऱ्हाते." जुन्या दप्तरात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला अधिक सांगावे लागत नाही. एकही पान न फाटलेला दस्तऐवज माझ्या डोक्यावर उभा होता, आणि तो पाडण्याचा अर्ज मीच केला होता.

मी तक्रार मागे घेतली. उत्तर आले : 'तक्रार मागे घेता येते, कारवाई मागे घेता येत नाही.' मी वारसा जतन करणाऱ्यांना लिहिले. उत्तर आले : 'आमच्या यादीत सदर स्थानक आहे. सदर छत आता स्थानकावर नसल्याने ते वारसा नाही.' मी स्थानकाला लिहिले. उत्तर आले : 'सदर छत आमच्या हद्दीत नसल्याने ते जुने आहे किंवा कसे हे सांगता येत नाही.' ही तिन्ही पत्रे मी एकाखाली एक चिकटवून भिंतीवर लावली आहेत. ज्यांना हसायचे असेल त्यांनी येऊन हसावे.

एकच वाट उरली होती. गुरांच्या गोठ्याला परवान्याची इतकी कटकट नसते. पंचनाम्यात 'वापर' या रकान्यात 'गोठा' एवढा शब्द पडला की छत वाचणार होते. मी मिस्त्रींकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. पुरावा म्हणून शेजारच्या कोंडिबा धनगराची वीस मेंढरे मागून आणली. मेंढरे छताखाली गेली, फलाटाच्या कडेपाशी पोहोचली आणि थांबली. वीसच्या वीस, एका ओळीत, तोंडे चराकडे. कोंडिबाने काठी आपटली, शीळ घातली.

"ही कदी अशी करत न्हाईत," तो हळूच म्हणाला. "तात्या, ही कुनाची वाट बगत्यात?"

इतक्यात पंचनामा करणारे साहेब आले. कोंडिबा आणि बबन हे पंच. फीत धरून मापे झाली.

"बाबा, वापर काय याचा?" साहेबांनी पेन उघडून विचारले.

मी खाकरलो.

"गोठा म्हणा आणि मोकळे व्हा," साहेब स्वतःच म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"गोठा कसा म्हनू सायेब? आयुष्यभर ह्या छताच्या पोटाखाली भाकर खाल्ली. ठेसन हाय ह्ये. ल्ह्या, ठेसन."

"गाडी कुठंय?"

"गाडीचं मला काय इचारू नका. म्या छतावरचा मानूस."

साहेबांनी 'स्थानक' असे लिहिले आणि सारे संपले. मी रागाने मिस्त्रींकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मनगटावरचे घड्याळ पाहत होते. साडेबारा झाले होते. त्यांनी हात आडवा धरला.

"मागं सरा."

सगळे सरले. साहेब, पंच, मेंढरे, मी. उन्हाने तापलेल्या कैच्या एका टोकापासून वाजू लागल्या, टिक, टिक, आणि तो आवाज आमच्या डोक्यावरून दुसऱ्या टोकाकडे गेला. पानसुद्धा हलत नव्हते. मग खालून, फलाटाच्या अंगाने, एका बाईची हाक आली. "अवो, उतरा आता. निवतंय." हाक वर गेली, छताला लागली आणि पुन्हा खाली आली. मी ऐकले तेवढेच लिहितो. डोंगरावरून कोणी बाईने कोणाला बोलावले असणे शक्य आहे. तेही नमूद करतो. मात्र आम्ही चौघांनीही डोंगराकडे पाहिले नाही. आम्ही वर पाहिले.

साहेबांच्या पेनाचे टोपण खाली पडले. ते त्यांनी उचलले नाही. घाईघाईने शेवटची ओळ लिहून, सह्या घेऊन ते मोटारसायकलवर बसले. कोंडिबाही मेंढरे घेऊन निघाला. बबन तर सही करताच निघून गेला होता.

मी मिस्त्रींना बोलायला तोंड उघडले, पण तेच जवळ येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते हसत होते.

"लई उपकार झालं तुमचं, तात्या. तुमी अर्ज केला म्हनून चार मानसं आली." त्यांनी खांबाला पाठ टेकली. "सुशी रोज डबा घेऊन यायची क्वार्टरमधनं. म्या वर, ती खाली. तिला जाऊन धा वर्सं झाली. खांब जाग्याव बसलं आन् आवाज आला. म्या एकलाच ऐकायचो. पोरगा म्हनतो, बाबा, डाक्तरला दावू तुमाला. मलाबी वाटायचं, खरंच फिरलं असंल. आज सायबानंबी ऐकलं. छत गेलं तरी चालंल आता." मग त्यांनी माझा हात धरला. "त्येंनी लिवलं आसंल न्हवं?"

पंचनाम्याची शेवटची ओळ मी साहेबांच्या खांद्यावरून वाचलेली होती : 'याव्यतिरिक्त जागेवर काहीही आढळून आले नाही.'

मी म्हणालो, "हो. लिहिले आहे."

नोकरीत आणि नोकरीनंतर मी खोटी साक्ष दिली नव्हती. ही पहिली. ती खरी करून देण्याची जबाबदारी आता माझी एकट्याची नाही.

सबब, पंचनामा करणाऱ्या साहेबांना आणि दोन्ही पंचांना या लेखाद्वारे जाहीर विचारणा करण्यात येते : त्या दुपारी साडेबारा वाजता आपण ती हाक ऐकली की नाही? उत्तर टपालाने नको. जावक क्रमांक नको. छतावर पहिला हातोडा पडण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहून, गणपत सोनावणे यांच्या तोंडाकडे पाहून, त्यांच्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, होय किंवा नाही, ते सांगावे.