काटा शून्यावर

वजनकाटे तपासणाऱ्या खात्यातले निरीक्षक रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मोटरसायकलचं मीटर मांडून बसले, तेव्हा शिवणयंत्रावर बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर न करता विचारलं, "गाडी आपली कधी झाली?"

"आज संध्याकाळी होतेय."

"मग संध्याकाळपर्यंत थांबायला काय झालं?"

थांबण्याची निरीक्षकांना सवय नव्हती असं कोणी म्हणू नये. गेली अकरा वर्षं ते रोज सकाळी बसथांब्यावर थांबत होते, आणि ती अकरा वर्षं त्यांचा डोळा सासऱ्यांच्या मोटरसायकलवर होता. सासरे निवृत्त बसचालक. दीड महिन्यापूर्वी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीकडे गेले, तेव्हा गाडी जावयाच्या पार्किंगमध्ये लावून म्हणाले होते, "जावईबापू, आम्ही दोघंही आता थकलो. मला नीट दिसत नाही आणि हिला पळवत नाही. काही करा, काटा पन्नासच्या वर चढत नाही हिचा. परत आलो की कागद तुमच्या नावावर करून टाकतो. तोवर रोज नुसती चालू करून बंद करत जा."

निरीक्षकांनी रोज गाडी चालू करून बंद केली. पण दरवेळी मीटरचा तो पिवळट, आजारी उजेड बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ऑफिसातल्या नव्या कारकुनाच्या गाडीचं मीटर कसं निळंशार उजळायचं. परवाच आलेला पोरगा, धड अर्ज लिहिता येत नाही, आणि निळं मीटर मिरवतो. निरीक्षकांनी निळ्या एलईडीचं पाकीट मागवलं आणि मीटरचे दिवे घरच्या घरी कसे बदलावेत याचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ दोनदा पाहिला. पूर्ण नाही म्हणा. आठव्या मिनिटाला तो व्हिडिओवाला हात जोडून काहीतरी कळकळीने सांगायला लागायचा, तेवढा भाग निरीक्षक पुढे ढकलायचे.

दिवे बदलायला वीस मिनिटंही लागली नाहीत. गाडीची बॅटरी टेबलावर आणून जोडून बघितली तर दोन दिवे लागेनात, ते उलटे करून बसवल्यावर लागले. न्यूट्रलचा हिरवा दिवा गेला, तिथे निळा आला. इंडिकेटरचा केशरी गेला, तिथेही निळा. इंडिकेटरचा दिवा मात्र डावीकडे वळताना लागायचा, उजवीकडे वळताना नाही. एलईडीतून वीज एकाच बाजूने जाते, हे पाकिटावर लिहिलेलं होतं.

"उजवीकडे वळताना काय करायचं मग?" बायकोने विचारलं.

"उजवीकडे वळतोय हे वळणाऱ्याला माहीत असतं. त्याला दिवा कशाला लागतो?"

पण खरा घोटाळा पुढेच होता. निळे दिवे लावूनही मीटरची तबकडी निळी उजळेना, शेवाळ धरलेल्या टाकीसारखी दिसायला लागली. निरीक्षकांनी डोकं लावलं. तबकडीच्या मागे एक हिरवट फिल्म चिकटवलेली होती, ती काढायला हवी होती. फिल्म काढायची तर तबकडी काढायला हवी, आणि तबकडी काढायची तर वेगाचा काटा उपटायला हवा. त्यांनी स्वयंपाकघरातून दोन चहाचे चमचे आणले आणि काट्याच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवले.

"आधी खूण करून घ्या," बायको म्हणाली. "मी साधी बाही उसवायची म्हटली तरी आधी खडूने खूण करते. हा घ्या खडू."

"ती बाही आहे. हा काटा आहे. काट्यातलं मला शिकवू नकोस."

"परत कुठे लावायचा ते कळेल ना?"

"शून्यावर. काटा आणखी कुठे लावतात? एकोणीस वर्षं मी दुसरं काय करतोय?"

यात खोटं काहीच नव्हतं. एकोणीस वर्षं निरीक्षक दुकानात शिरत, रिकाम्या पारड्यावरची धूळ फुंकरीने उडवत, काटा शून्यावर आहे हे बघत आणि शिक्का मारत. पारड्यात वजन टाकूनही बघावं असं नियमात होतं. पण सरकारी वजनांची पेटी जड, आणि ती नेली की ऑफिसचं दार वाऱ्याने आपटायचं. शिवाय रिकामं असताना जे खरं बोलतं ते भरल्यावर खोटं कशाला बोलेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी काटा उपटला, फिल्म ओरबाडून काढली, तबकडी बसवली आणि काटा बरोबर शून्याच्या खुंटीला टेकवून अंगठ्याने दाबला. दुपारी चारला पार्किंगच्या अंधारात मीटर असं निळं उजळलं की निरीक्षक पाच मिनिटं नुसते गाडीवर बसून राहिले. गाडी चालवून बघावी असं त्यांच्या मनात आलं नाही. काटा शून्यावर होता.

पाच वाजता सासरे आले. कागद खिशात, पेन खिशात, आणि डोळ्यांवरचा जाड चष्मा गायब. आल्या आल्या म्हणाले, "सही करण्याआधी एक शेवटची चक्कर मारून येतो. सोळा वर्षं सोबत होती. डॉक्टरांनी परवानगी दिलीये."

सासरे गाडीवर बसले, किल्ली फिरवली आणि मीटरकडे बघतच राहिले.

"हे निळं आहे?"

निरीक्षकांनी सासऱ्यांच्या खिशातल्या कागदांकडे पाहिलं. अजून सही झालेली नव्हती.

"डॉक्टर म्हणालेच होते," सासरे समाधानाने म्हणाले. "मोतीबिंदू गेला की निळा रंग लख्ख दिसेल, घाबरू नका. इतकी वर्षं मला हे पिवळं दिसत होतं. न्यूट्रलचा दिवासुद्धा निळाच आहे म्हणायचा. मी बापडा हिरवा समजत होतो."

ते गेले. निरीक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. बायकोला मात्र राहवेना. ताजं ऑपरेशन झालेला बाप एकटा गाडी घेऊन गेलेला. ती आपली स्कूटर काढून मागोमाग गेली.

वीस मिनिटांनी आधी ती परतली. नवऱ्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबांनी लांबच्या रस्त्याला गाडी पूर्ण ताणली. मी बरोबर मागे होते. माझ्या मीटरवर किती होते माहितीये? पन्नास. आणि बाबा हात वर करून ओरडत होते, ऐंशी, ऐंशी म्हणून."

निरीक्षकांनी फोन काढला, व्हिडिओ लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा आठवं मिनिट ऐकलं. व्हिडिओवाला हात जोडून सांगत होता, की बाबांनो, जुन्या मीटरचा काटा शून्याच्या खुंटीवर नुसता टेकलेला नसतो, आतली स्प्रिंग त्याला खुंटीवर दाबून धरत असते. खूण न करता काढलात आणि नुसता शून्यावर टेकवलात तर उभ्या गाडीत तो शून्य दाखवेल, आणि चालू गाडीत प्रत्येक वेगावर तेच वीस-तीस वाढवून तुमच्या तोंडावर खोटं बोलेल.

"खडू देत होते मी," बायको म्हणाली. "आता जाऊन खरं काय ते सांगा."

"सांगतो. सही झाली की लगेच सांगतो."

सासरे वर आले ते जिना चढत नव्हते, जवळजवळ धावत होते. खुर्चीवर बसले, कागद आणि पेन टेबलावर ठेवलं, पाणी प्यायले आणि पुन्हा उभे राहिले.

"एकतीस वर्षं बस चालवली, जावईबापू. सरकारने बसला स्पीड लॉक लावलेलं. साठ म्हणजे साठ. पोरं गाड्या घेऊन बाजूने जायची, वाकुल्या दाखवायची, आणि मी आपला साठवर. निवृत्त होऊन ही जुनी गाडी घेतली, तर ही पन्नासवर रडायला लागली. मला वाटलं, नशिबात ऐंशी नाहीच." त्यांचा आवाज बारीक झाला. "आज पाहिला. या डोळ्यांनी पाहिला. दीड महिना विश्रांती मिळाली तर गाडी तरणी झाली हो."

निरीक्षकांनी नकळत पेनाकडे पाहिलं. सासऱ्यांनी ते खिशात ठेवलं. पाठोपाठ कागदही.

"रागावू नका. पण अशी गाडी कोणी देऊन टाकतं का? तुम्हीच सांगा."

आता कोणी म्हणेल, एवढ्यावर तरी माणसाने खरं बोलावं. दोन वाक्यांचं काम होतं. पहिल्या वाक्यात काटा खोटा ठरला असता, गाडी पुन्हा म्हातारी झाली असती आणि कागद खिशातून बाहेर आले असते. दुसऱ्या वाक्यात मात्र तो काटा खोटा कोणी केला हे सांगावं लागलं असतं. निरीक्षकांनी पहिल्या वाक्यासाठी तोंड उघडलं होतं, इतक्यात सासऱ्यांनीच विचारलं, "एक शंका येते. काटा चुकीचा तर नाही ना दाखवत? तुमचं खातंच आहे ते. तुम्ही म्हणाल ते खरं."

बायको दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे एकटक पाहिलं.

"उभ्या गाडीत शून्यावर येतो?" निरीक्षकांनी विचारलं.

"अगदी बरोबर शून्यावर."

"मग पास," निरीक्षक म्हणाले. एकोणीस वर्षांची जीभ होती, तिने जे म्हणायचं तेच म्हटलं.

सासऱ्यांनी आनंदाने जावयाची पाठ थोपटली आणि गाडी घेऊन आपल्या घरी गेले. त्या दिवशी संध्याकाळी घरात शिवणयंत्र तेवढं जास्तच आवाज करत होतं.

आठवड्याने सासरे पुन्हा आले. या वेळी चेहरा गंभीर, पाणी नको म्हणाले.

"जावईबापू, माझी पोरगी असली तरी तुमची बायको आहे. तिला आवरा."

"काय झालं?"

"काल मी चांगला पंचाहत्तरवर होतो. काट्यावर नजर होती माझी. तेवढ्यात ही मागून आली, भोंगा वाजवला आणि बाजूने निघून गेली. पुढे शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा, एका हाताने ओढणी सावरतेय. पंचाहत्तरला मागे टाकायचं म्हणजे नव्वद तरी असणार. एकतीस वर्षांत मी एक माणूस उडवला नाही, आणि माझ्या पोटची पोरगी भर वस्तीतून नव्वदने जाते?"

बायकोने हातातली कात्री खाली ठेवली. ती नवऱ्याकडे बघत राहिली. काट्याचं सगळं सांगून टाकायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि हे खोलीतल्या तिघांपैकी दोघांना पक्कं माहीत होतं.

निरीक्षकांनी घसा साफ केला.

"काय गं," ते म्हणाले, "नव्वदने चालवतेस?"

बायकोने एक क्षण डोळे मिटले. मग बापाकडे वळली. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर आठवडाभरात आलेली तकाकी तिला दिसत होती. ती पुसायला तिचा हात झाला नाही.

"चुकलं बाबा," ती म्हणाली. "कामाच्या गडबडीत लक्ष राहत नाही."

"किल्ली दे."

तिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि बापाच्या हातात ठेवली. "पण बाबा, मी शिवलेले नर्सचे गणवेश दवाखान्यात पोचवायचे कसे? रोजचे दोन गठ्ठे असतात. आठच्या आत द्यावे लागतात."

"त्यात काय? जावईबापू आहेत की. रोज बसनेच तर जातात."

"हो," बायको म्हणाली. "हे मला सुचलंच नाही. मी खडूने नावं घालून देत जाईन त्यांना, म्हणजे कुठला गठ्ठा कुठे, ते तरी चुकणार नाही."



सोमवारी सकाळी सात वाजता ते दोन्ही काखांत दोन गठ्ठे घेऊन बसथांब्यावर उभे होते. दवाखाना ऑफिसच्या उलट्या दिशेला, म्हणजे आता दोन बस. तेवढ्यात ओळखीचा भोंगा ऐकू आला. सासरे ताठ बसून, छाती पुढे काढून येत होते. थांब्याजवळ येताच त्यांनी मीटरकडे बोट दाखवलं आणि ओरडले, "चाळीस, जावईबापू. वस्ती आहे, म्हणून जपून."

निरीक्षकांना हात हलवता येईना, त्यांनी मान हलवली. त्याच वेळी एक दूधवाला सायकलवरून घंटी वाजवत आला, सासऱ्यांच्या बाजूने सहज पुढे गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

सासऱ्यांनी मीटरकडे पाहिलं. मग वळणाकडे पाहिलं. शेवटी मागे वळून, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात जावयाला म्हणाले, "बघितलंत ना? हल्ली सायकलीसुद्धा पन्नासने हाणतात. तुम्ही आपले बसनेच जात जा."