सव्वानऊ ते साडेतीन

गुड फ्रायडेला आमच्या गल्लीत एकच गोष्ट बंद असते. भूपालअण्णा मगदुमांची पिठाची गिरणी.

सांगलीतल्या आमच्या या गल्लीत ख्रिस्ती घर एकही नाही. अण्णा स्वतः पक्के जैन, दिवस मावळल्यावर तोंडात घास न घालणारे. तरी त्या दिवशी शटर खाली, आणि शटरवर खडूनं ठसठशीत लिहिलेलं असतं, 'बाजार बंद'. कुठला बाजार? मुंबईचा शेअरबाजार! डबा घेऊन आलेली एक मावशी एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं अण्णा, मुंबईचा बाजार बंद हाय, तर माज्या ज्वारीनं काय घोडं मारलंय?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "यादीत हाय."

ही यादी म्हणजे शेअरबाजाराच्या वर्षभराच्या सुट्ट्यांची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती वजनकाट्याच्या वर टांगलेली असते. तीत जे आहे तेवढेच सण; बाकीचे सण गल्लीनं आपापल्या जबाबदारीवर करावेत. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, सगळा गाव पुरणपोळी खाऊन आडवा होतो, तेव्हा अण्णांची गिरणी धडधडत असते, कारण बेंदूर यादीत नाही. बाजारासारखी शनिवार-रविवारीही बंद ठेवली असती, तर आमच्या बायकांनी त्यांनाच पोत्यात भरलं असतं, म्हणून तेवढी सूट.

दिवाळीत तर नाटकच. लक्ष्मीपूजनाला बाजार बंद, पण मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तासभर उघडतो. अण्णाही तासभरच गिरणी उघडतात. एका दिवाळीत मुंबईनं हा संध्याकाळचा मुहूर्त दुपारी आणला. झालं! चकलीच्या भाजणीचे डबे घेऊन अख्खी गल्ली भर दुपारी पळत सुटली. माझी बायको अंगाला लावलेल्या उटण्यासकट रांगेत होती. मी स्वतः पाहिलंय.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, अण्णांचे लाखोंचे शेअर्स असतील. एकही नाही. त्यांची फक्त मुलगी त्या बाजारात आहे. त्रिशला. मुंबईत एका दलालाच्या कचेरीत ती सौदे करते. त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्यावर अण्णांनी तिला एकट्यानं वाढवली. बाजाराला सुट्टी असली की ती दिवसभर फोनवर मोकळी असते, आणि गिरणीच्या धडधडीत तिचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गिरणी बंद. सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली तर ती स्वतःच येते, मग तर अण्णा शटरला हारच घालतील.

आणि बाजार चालू असेल तेव्हा? सव्वानऊ ते साडेतीन तिला फोन करायचा नाही. एकदा पावणेअकराला अण्णांनी "हिंगाची डबी कुटं ठेवलीस?" असं विचारायला फोन केला. त्या गडबडीत तिनं विकायच्या जागी विकत घेतलं आणि साहेबाची बोलणी खाल्ली. तिनं हसत सांगितलं, अण्णांनी काळजाला लावून घेतलं. त्यानंतर एकदा सकाळी दहाला गिरणीत साप निघाला. सर्पमित्राला लगेच बोलावलं, पण पोरीला सांगायला साडेतीनच वाजू दिले.

यंदा अण्णांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, आता थांबू नका. मिरजेच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनं शुक्रवारीच व्हायची. अण्णांनी यादी नाकाला लावून वाचली. एका शुक्रवारी बकरी ईद होती! बाजार बंद, त्रिशला गुरुवारी रात्री बसमध्ये, शुक्रवारी ऑपरेशनला उशाशी. तारीख ठरली.

"पण अण्णा," शेजारचे गादीवाले रशीदभाई म्हणाले, "आदल्या आठवड्यात मंगळवारी चांद दिसला तर ईद धाव्या दिवशी, म्हंजी तुमच्या शुक्रवारी. न्हाई दिसला, तर शनवारी."

अण्णांचा चेहरा पडला. ईद शनिवारी गेली तर सुट्टीही शनिवारी, आणि शनिवारी बाजार तसाही बंदच. म्हणजे शुक्रवारी पोरगी मुंबईतच.

त्या मंगळवारी संध्याकाळी रशीदभाईंच्या गच्चीवर चाळीसेक माणसं मावळतीकडे तोंड करून उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या टोपीतले अण्णा. आभाळात ढगच ढग. अण्णा कठड्याला पोट लावून वाकले होते.

"दिसला!" ते एकदम ओरडले. "रशीदभाई, दिसला! दोन दिसले!"

"अण्णा, त्यो टावरचा दिवा हाय."

"मग दुसरा?"

"त्यो बी त्योच हाय. तुमच्या मोतीबिंदूची साक्ष मशिदीत चालत न्हाई गड्या."

गच्ची हसली. अण्णा हसले नाहीत. दुसरीकडूनही कुठून चंद्राची बातमी आली नाही. ईद शनिवारवर गेली. सुट्टी बदलल्याचं बाजारानं कळवलं, आणि अण्णांनी यादीतल्या त्या शुक्रवारवर पेननं काट मारली.

त्याच दिवशी साडेतीनला त्रिशलाचा फोन आला. मी तिथंच होतो.

"अण्णा, मी रजा टाकते."

"नगं. डॉक्टरनीच पुढं ढकललंय बाळ, त्यांच्या घरात लगीन हाय."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अण्णा, खोटं बोललात."

"मास्तर, पोरीला नवीन काम दिलंय. आत्ताच रजा मागितली तर सायेब काय म्हनंल? शुक्रवारी तुमी चला माज्यासंगं."

गेलो. दवाखान्यात सिस्टरनं अर्ज पुढे केला. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात अण्णांनी त्रिशलाचा नंबर सांगितला आणि माझ्याकडून पुढं लिहून घेतलं, 'फक्त साडेतीननंतर'.

"आजोबा, आणि त्याआधी काही झालं तर?" सिस्टरनं विचारलं.

"काय व्हायचं त्ये साडेतीनपत्तुर थांबवा."

साडेबाराला अण्णा डोळ्यावर पांढरी पट्टी घेऊन बाहेर आले. ऑपरेशन छान झालं होतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. अण्णा बाकड्यावरून हलेनात. रिक्षाच्या घरघरीत फोन नीट लागला नाही तर? तीन तास आम्ही तिथं बसलो. दर दहा मिनिटांनी, "मास्तर, किती वाजलं?" शेवटी शेवटी तर ते माझं मनगटच धरून बसले.

साडेतीन. मीच फोन लावून दिला.

"कसा हुता बाजार आज?" अण्णा एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, जणू गिरणीतच बसलेत. तिकडून ती बराच वेळ बोलत राहिली. अण्णा फक्त "हां... हां... लय भारी" म्हणत होते आणि पट्टीची कड रुमालानं टिपत होते. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

"व्हय बाळ, दिली तारीख डॉक्टरनी," शेवटी ते म्हणाले. "तुज्या पुढच्या सुट्टीचीच घेतलीया. ये तू. तुज्याबिगर न्हाई करत."

फोन बंद झाला. मी कपाळाला हात लावला. "अहो अण्णा! ती येईल आणि विचारेल, कसलं ऑपरेशन? झालं की तुमचं! मग काय दाखवणार तिला?"

अण्णांनी उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"डावा हाय की अजून," ते म्हणाले.