समुद्राच्या तळी भात उगवल्याची हकीकत

ऐक रं पदू, नुसतं ऐक, मधे तोंड घालू नको. शके अठराशे ब्याण्णव, साधारण नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, भाताची झोडणी उरकलेली, ते समयी खालापूर महालात चौकच्या अलीकडं राजमान्य राजश्री हिरामण सहदेव, अकरावी मॅट्रिकचे मानकरी, गणिताच्या रणात वारंवार जायबंदी, यांनी समुद्राचा तळ काबीज केला. समुद्र त्यांनी पाह्यला नव्हता. पेणपर्यंत एकदा स्वारी गेली व्हती, तीही मावशीच्या पोराच्या बारशाला.

मोहिमेस कारण ऐसे पडले की तीर्थरूप सहदेवांचा हुकूम सुटला. कर्जतच्या विज्ञान प्रदर्शनातली ढाल आणलीस तर पुढं शीक, नायतर चौकच्या गॅरेजात जाऊन नट पिळ. आणि राजश्रींच्या मनात तर कॉलेजात जाऊन दगडमातीचं शास्त्र शिकायचं व्हतं, त्यामुळं ते बहुत हवालदिल जाहले, आणि मग त्यांनी जोडीदार गजाला फडणीस नेमून, बोलावून माळ्यावर पेंढ्यात खलबत केलं. भूगोलाच्या पुस्तकात कलम सापडलं, की समुद्राच्या तळाशी जो गाळ साचतो त्याची घराणी मुख्य चार. एक जमिनीवरून नद्यांनी वाहून आणलेला. दुसरा बारीक जीव मरून त्यांच्या कवचांचा. तिसरा खाऱ्या पाण्यातूनच निपजलेला, त्याचे बटाट्याएवढे काळे गोळे तळाशी पडलेले असतात. आणि चौथा थेट आभाळातून, तुटत्या ताऱ्यांची धूळ. वर ज्वालामुखीची राख, ती वेगळीच. राजश्री म्हणाले, हा सगळा तळ काचेच्या पेटीत मांडू.

मग सरंजाम जमू लागला. चौकच्या ढाब्यावरचं मिठाईचं जुनं काचेचं कपाट आडवं पाडून डांबरानं सांधलं. कवचं म्हणून गजाने बाजारातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या भागूबाईच्या उखळात कुटल्या, ते भागूबाईस, म्हंजे मातोश्रींस, चटणीत वाळू लागल्यावर कळलं. काळे गोळे म्हणून बटाटे गॅरेजच्या वंगणात घोळवले. लेथखालचा लोखंडाचा कीस आणून त्यास ताऱ्यांची धूळ ऐसा किताब दिला. ज्वालामुखीचे काम चुलीवर सोपवलं.

राहिला नदीचा गाळ. तो पाताळगंगेतून आणावा ऐसा राजश्रींचा इरादा व्हता, परंतु पहाटेचं पाणी बर्फासारखं, आणि गजाने अर्ज केला की माती ती माती, आपलं खळं काय वाईट हाय? राजश्रींनी डोळे मिटून मंजुरी दिली, आणि दोघांनी खळ्याचा कोपरा खणून घमेली भरली. मग मिठाची मागणी मातोश्रींकडं गेली. तिथून फर्मान आलं, की तुझा समुद्र आळणीच राहू दे, मला मासळी खारवायची हाय. मग विहिरीचं गोडं पाणी ओतून, वर गोणपाट टाकून, समुद्र आठवडाभर पडवीत मुक्कामास ठेवला.

नेमल्या दिवशी टेंपोतून कूच जाहलं आणि लष्कर कर्जतला दाखल जाहलं. समोरच गनीम. भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्सचा येसाजी, त्याने लुटुपुटीच्या डोंगरावरून पाणी सोडून चाक फिरवलं व्हतं आणि खरोखर बल्ब पेटत व्हता. रयत सगळी तिकडं. येसाजीने पाह्यलं आणि हळूच विचारलं, "गोणपाटाखाली काय रं, म्हस?"

मग अलिबागचे परीक्षकसाहेब आले. गजाने गोणपाट ओढलं, आणि पाहतात तो समुद्राच्या काठालगत, पाण्याखालून, भाताचे कोंब दाटीवाटीने वर आलेले! झोडणीत उडालेले दाणे खळ्याच्या मातीत बसले व्हते, त्यांनी बंड केलं. बघे पोट धरून हसू लागले. गजाने उपटायला हात घातला, राजश्रींनी मनगट धरलं. गजा कानाशी म्हणाला, समुद्री गवत हाय म्हणून सांग, साहेब अलिबागचा असला तरी तळाशी थोडाच गेलाय.

साहेबांनी विचारलं, "समुद्रात भात कसा काय?"

राजश्रींच्या डोळ्यापुढं नट फिरू लागले.

"साहेब, लबाडी झाली. नदीवर जायचा कंटाळा केला, ही आमच्या खळ्याची माती हाय. पन नदी तरी गाळ कुठून आणते? आमच्याच शेतातून. गाळ कुठला, ते त्यात काय सापडतं त्यावरनं वळखतात. ह्यानं सोताच सांगितलं."

साहेबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठ नाही."

"आईनं दिलं नाय."

"दिलं असतं तर एकही कोंब आला नसता," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

ढाल येसाजीस गेली. बल्बापुढं चिखलाचं काय चालणार? परंतु साहेबांनी भर दरबारात फर्मावलं, की अवघ्या प्रदर्शनात सोता बोलला तो हा गाळच, आणि पोरास पुढं शिकवावं. हे सहदेवांनी मागं उभं राहून ऐकलं. टेंपोतून समुद्र माघारी घरी आणला. मग अंगणात म्हणाले, "म्हंजे दरसाल आपली माती तिकडं जाते, आन तू आत्ता सांगतोस व्हय रं?"

आणि तिथल्या तिथं तहाची कलमं ठरली. गॅरेज रद्द, कॉलेज कबूल. मात्र पाऊस लागायच्या आत राजश्रींनी वावराचे सगळे बांध स्वहस्ते घालावे, समुद्रास यापुढं ढेकूळ देऊ नये. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. समुद्राचा तळ खळ्याशेजारी ओतला, वंगणाचे बटाटे पुरले, आणि राजश्री हाताला फोड येईस्तोवर विजय भोगत राहिले.

आता सांग पदू, भरल्या मांडवात, येसाजी समोर दात काढून उभा, आणि गजा कानाशी समुद्री गवत म्हणतोय. तू काय केलं असतंस?