अर्धं अर्धं ब्लँकेट

हिरकणीने विणलेला चौकोन हातात घेऊन गोविंदरावांनी तो वाकवून बघितला. चौकोन वाकला नाही.

"यावर गरम पातेलं ठेवायचं का?" त्यांनी विचारलं.

"बाळाच्या ब्लँकेटचा नमुना आहे तो," हिरकणी म्हणाली. "आणि धाकट्या जावेचा बघितलात? पापलेट निसटेल त्यातून."

नमुने मागितले होते मयुराने, नाशिकहून. मयुरा म्हणजे गोविंदराव आणि जतीन या दोघा भावांची बहीण. तिच्या लेकीला, ऋचाला, मुलगी झाली होती, आणि दोन्ही घरांतलं ते पहिलंच नातवंड. नरपडच्या एकाच चिकूवाडीत दोघा भावांची घरं समोरासमोर होती. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून गोविंदरावांची बायको हिरकणी आणि जतीनची बायको चंद्रिका यांच्यात जे बिनसलं, ते बिनसलंच. दोघी जावा कित्येक वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या.

"थंडीत बाळाला घेऊन येते," मयुराने फोनवर सांगितलं होतं. "पण आधी दोघींनी मिळून एक ब्लँकेट करायचं. अर्धं हिने, अर्धं तिने. ते होईपर्यंत बाळ नरपडला येणार नाही."

हिरकणी त्या बाळाला रोज व्हिडिओवर बघायची आणि मोबाइल ओला होईपर्यंत पापे घ्यायची. समोरच्या घरातही तेच चालायचं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून दोघींनी सुया हातात घेतल्या.

लोकर एक, सुया एकाच नंबरच्या, टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच. तरी हिरकणीचा चौकोन तळहाताएवढा झाला आणि चंद्रिकेचा ताटलीएवढा. हिरकणीचा हात घट्ट, चंद्रिकेचा सैल. मयुराने दोन्ही घरांना एकदम फोन लावून निवाडा केला.

"मोठ्या वहिनी, तुम्ही जाड सुई घ्या. चंद्रिका वहिनी, तुम्ही बारीक."

"म्हणजे चूक माझी?" दोन्ही घरांतून एकाच वेळी आवाज आला.

कुरकुरत का होईना, दोघींनी सुया बदलल्या आणि विणायला घेतलं. निम्म्यावर आल्यावर गोविंदरावांनी दोन्ही तुकडे ओटीवर शेजारी शेजारी अंथरले. रुंदी अगदी बरोबर जुळली होती. गोविंदरावांना भरून आलं. मग त्यांनी ओळी मोजल्या. ओळी सारख्याच होत्या, पण हिरकणीचा तुकडा वीतभर आखूड होता.

"त्यात काय," मयुरा फोनवर म्हणाली. "मोठ्या वहिनींनी थोड्या ओळी जास्त विणायच्या."

"मीच का? तिने चार उसवाव्यात की!"

हा निरोप जतीनमार्फत समोर गेला. उलट निरोप आला तो गोविंदरावांनी, शहाणपणा न करता, जसाच्या तसा सांगितला, "ती म्हणते, ताईंना जास्तीचं घ्यायची सवय आहेच. पाणी घेतात तशा ओळीही घ्याव्यात."

हिरकणीने आपला तुकडा तिथल्या तिथे उसवला. जतीनने ते खिडकीतून बघितलं आणि बायकोला सांगितलं. संध्याकाळपर्यंत चंद्रिकेचाही उसवून झाला. पुन्हा सुरुवात केली तर रागाने हिरकणीचा हात इतका घट्ट झाला की सुई टाक्यात शिरेना.

"बाळ आता पालथं पडायला लागलं," मयुराचा फोन आला. "नाताळच्या सुट्टीत येतोय आम्ही. ब्लँकेट नसेल तर परस्पर बोर्डीला उतरू हॉटेलात."

दुसऱ्या दिवशी हिरकणी रिक्षा करून डहाणूला गेली, लोकरीच्या दुकानात. दुकानवाल्या जशोदाबेन गल्ल्यावर बसूनही विणत असायच्या. हिरकणीने लोकरीची पिशवी पुढे केली.

"अर्धंच ब्लँकेट पाहिजे. पण कुणाला बोलायचं नाही. आणि दुसऱ्या अर्ध्याला जुळलं पाहिजे."

जशोदाबेननी लोकर बोटांत धरली, हिरकणीकडे बघितलं आणि हसल्या. "मळी जशे, बेन, मिळून जाईल. काय टेन्शन नाय घ्यायचा."

नाताळात मयुरा आली, बाळ आलं. जतीनच्या ओटीवर दोन्ही अर्धी शेजारी ठेवली गेली. टाक्याला टाका, ओळीला ओळ. कुठे फट नाही, कुठे झोळ नाही. मयुराने तिथेच बसून मधली शिवण घातली आणि डोळे पुसले.

"बघ ऋचा, मनं जुळली की हातही जुळतात."

हिरकणी खाली वाकून बघत होती. दोन्ही अर्ध्यांच्या काठांना पहिला टाका सारखाच पिळून घेतलेला. तिने मान वर केली. चंद्रिकाही तिच्याचकडे बघत होती.

चहाच्या निमित्ताने दोघी स्वयंपाकघरात शिरल्या.

"जशोदाबेन?" चंद्रिकेने हळूच विचारलं. इतक्या वर्षांतला तिचा पहिला शब्द.

हिरकणीने मान डोलावली. चंद्रिकेला हसू फुटलं. ते बघून हिरकणीलाही. दोघी पदर तोंडात धरून ओट्याला टेकल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. चहा उतू गेला तो दोघींनी मिळून पुसला.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?" चंद्रिकेने डोळे पुसत विचारलं.

"सांगितलं, जाऊ बिचारी आळशी आहे, तिला काही जमत नाही, म्हणून मला धावपळ." हिरकणी अजून हसतच होती. "आणि तू?"

चंद्रिकेचं हसू थांबलं होतं. "मी सांगितलं, ताईंची दृष्टी गेली. आणि डोकंही जरा चळलंय."

ओट्यावरचं फडकं हिरकणीने पिळून बाजूला ठेवलं.

"तरीच," ती म्हणाली, "पैसे देऊन निघाले, तर जशोदाबेनने मला हात धरून रस्ता पार करून दिला."

"वहिनी, या ना दोघी बाहेर!" मयुरा हाक मारत होती. "फोटो काढायचाय!"

दोघींनी ब्लँकेटची दोन टोकं धरली आणि शक्य तितकं लांब उभं राहून आपापल्या बाजूला ओढलं. मयुराने फोटो लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर मुंबईच्या आत्याबाईंचं आलं, "जावा असाव्यात तर अशा!"